स्पीकरशेजारचं टेबल

दोन घरांनी बसून लग्नाचं बोलायचं, तर जागा शांत असावी, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. जगातली बहुतेक भांडणं 'आम्हाला वाटलं होतं' या तीन शब्दांपासून सुरू होतात, हे माझ्या टेबलावर रोज सिद्ध होत असतं. छपरातून पाणी गळलं की लोक येऊन सांगतात, आम्हाला वाटलं होतं छप्परही त्यात धरलंय. म्हणून माणसाने आधी बोलावं, स्पष्ट बोलावं, समोरच्याने मान हलवली का ते नीट बघावं आणि मगच पुढे सरकावं. माझ्या या गुणाला ऑफिसने बढती दिली आहे. घरात त्यालाच 'बाबांचं तोंड सुटणं' असं म्हणतात.

लेकीने मुलगा स्वतःच पसंत केला होता. मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. शोधून पाहिली, पण सापडली नाही. प्रश्न एकच होता, लग्नानंतर ही दोघं राहणार कुठे? मुलाचं घर शहराच्या पार त्या टोकाला. बस तिथे पोचते तेव्हा आत ड्रायव्हर सोडून कोणी उरलेलं नसतं. आमचं घर या टोकाला. लेक एकुलती एक. मी मनाशी कलम तयार केलं होतं: दोघांनी वेगळं राहावं आणि जवळ राहावं. जवळ म्हणजे आमच्या जवळ, पण तेवढा भाग मी बारीक अक्षरांत ठेवणार होतो.

होणारे व्याही जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची ख्याती अशी, की एकदा त्यांनी हद्दीची खूण ठोकली की सख्खा भाऊ रडत आला तरी ती बोटभर हलायची नाही. अशा माणसापुढे माझं कलम मंजूर करून घ्यायचं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. प्रत्येक वाक्याआधी ते 'अनुभवाने सांगतो' म्हणतात, म्हणून साऱ्या इमारतीत त्यांना 'अनुभवी' हेच नाव पडलं आहे. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"अनुभवाने सांगतो, बोलण्यांमध्ये जो पहिला तोंड उघडतो, तो हरतो."

हे गृहस्थ अविवाहित आहेत. तरीही मी ते डोक्यात ठेवलं. मग समोरच्या काकूंनी दार उघडून सांगितलं, "त्यांचं काही ऐकू नका. जो शेवटी बोलतो, त्याचं काहीच राहत नाही. आमच्या धाकटीच्या वेळी बघितलंय ना." म्हणजे मला पहिलं बोलायचं नव्हतं आणि शेवटचंही बोलायचं नव्हतं. उरलेल्या मधल्या जागेत किती बोलता येईल, याचा मी दोन दिवस विचार करत होतो. बायकोचा सल्ला सगळ्यात लहान होता. "अहो, फक्त मान डोलवा. वाद नको."

जागा लेकीने सुचवली. "बाबा, एक मस्त ठिकाण आहे. जेवण असतं, लाइव्ह म्युझिक असतं. सगळ्यांना मोकळं वाटेल." म्युझिक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं की कोपऱ्यात एखादे वयस्कर गृहस्थ डोळे मिटून व्हायोलिन वाजवतायत आणि आपण त्या सुरांच्या आडोशाने हळूच आपलं कलम पुढे सरकवतोय. मी हो म्हटलं. टेबल मीच सांगतो म्हटलं, कारण असल्या गोष्टी पोरांवर सोडल्या की घोळ होतो.

फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. "प्रसंग काय सर?"

"प्रसंग काही नाही. जेवायचंय."

"प्रसंग टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही सर. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, ऑफिस पार्टी की मैत्रीण सोडून गेली?"

"लग्नाची बोलणी."

"ते यात नाहीये सर."

"मग 'इतर' टाका."

"इतर काढून टाकलंय. लोक त्यात काहीही सांगायला लागले होते."

शेवटी मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते टाका." दुसऱ्यांच्या कागदावरचा स्वल्पविराम न सोडणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं. त्याची फळं पुढे यायचीच होती.

ठरलेल्या संध्याकाळी आम्ही तिघं पोचलो. जुन्या गोदामाची इमारत होती. दारात एक रुंद छातीचा दरवान उभा होता. त्याने माझा चेहरा पाहिला नाही, पाय पाहिले.

"सर, चपला चालत नाहीत. बंद बूट हवेत."

त्या चपला मी खास या दिवसासाठी घेतल्या होत्या. मी त्याला नियम कुठे लिहिलाय ते दाखवायला सांगितलं. त्याने दाखवला. दारावरच होता, ठळक अक्षरांत होता. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना 'तुम्ही वाचलं नाहीत का' असं विचारलं, त्याला हे लेकीच्या देखत सोसावं लागलं. दरवान मात्र मनाने चांगला निघाला. कोणीतरी विसरून गेलेले कॅनव्हासचे बूट त्याच्याकडे होते, ते त्याने दिले. एका मापाने मोठे, आणि नाड्या पोपटी. माझ्या चपला त्याने खोक्यात ठेवल्या. मग त्याने माझ्या मनगटावर जांभळ्या शाईने घुबडाचा शिक्का मारला. इतकी वर्षं मी दाव्यांवर शिक्के मारत आलो. माझ्यावर कोणी शिक्का मारण्याची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात व्याही, विहीणबाई आणि मुलगा आले. व्याह्यांच्या पायांत मोजणीच्या काळातले जाडजूड बूट होते. दरवानाने त्यांना अदबीने आत सोडलं. व्याह्यांनी माझ्या पोपटी नाड्यांकडे एकदा पाहिलं आणि नजर दाराकडे वळवली. ते नजर वळवणं मला फार लागलं.

आत विटांच्या भिंती होत्या, गिलावा न केलेल्या. मला वाटलं काम अर्धवट सोडून कंत्राटदार पळाला असावा. लेक म्हणाली, मुद्दामच तशा ठेवतात. मेनू भिंतीवर खडूने लिहिलेला, खुर्च्यांना पाठ नाही, दिवे लोंबकळत असलेले. आणि आमचं टेबल नेमकं स्पीकरला खेटून. स्पीकर म्हणजे रेडिओएवढा नव्हे, आमच्या कपड्यांच्या कपाटाएवढा. व्हायोलिनवाले गृहस्थ कुठेच दिसेनात. त्याऐवजी दाढीवाली चार मुलं वायर जोडत होती.

मी वेटरला म्हटलं, "दुसरं टेबल द्या. आम्हाला बोलायचंय."

"सर, हे टेबल तुमच्यासाठी खास मागून घेतलंय," तो म्हणाला.

"कोणी?" मी विचारलं. त्याचे ओठ हलले, पण त्याच क्षणी ड्रमवाल्याने काठी हाणली आणि त्याने घेतलेलं नाव मला काही ऐकू आलं नाही.

माझ्या छातीतली धडधड माझी की स्पीकरची, हे कळेनासं झालं. टेबलावरचं पाणी ग्लासातल्या ग्लासात नाचत होतं. अनुभवींचा सल्ला आठवून मी व्याही पहिले बोलायची वाट पाहत होतो. मग लक्षात आलं, ते बहुधा मघापासून बोलतच आहेत. त्यांच्या मिशा हलत होत्या. मी मान डोलवली. मग मी बोललो. त्यांनी मान डोलवली. असं बराच वेळ चाललं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, काय जुनी मैत्री आहे.

लिंबू सोडा मागितला होता, तो कानवाल्या मोठ्या जारमध्ये आला. शेजारच्या टेबलावरच्या एका तरुणाने आपला जार उंचावून मला दाद दिली. ही बिअर नाही, लिंबू आहे, असं मी त्याला सांगायला गेलो, त्याने मलाच टाळी दिली.

थोड्या वेळाने आमची ही आणि विहीणबाई हात धुवायला म्हणून उठल्या. गेल्या त्या गेल्याच. मग लेक आणि जावई गाण्याची फर्माइश द्यायला स्टेजकडे गेले, तेही परतेनात. टेबलावर उरलो मी, व्याही आणि तळलेले बटाटे.

मी हात तोंडाभोवती धरून माझं कलम ओरडलो. "दोघांनी वेगळं राहावं, आणि जवळ राहावं." माझा आवाज ऑफिसात घडलेला, समोरच्या खुर्चीपर्यंत जाईल एवढाच. व्याह्यांनी कानाला हात लावला, मग हसून मान हलवली. आणि त्यांनी खुणा सुरू केल्या.

माणूस जन्मभर माळरानावर उभा राहून लांबच्या मदतनिसाला हातांनी 'डावीकडे, उजवीकडे, पुढे सरक' असं सांगत आला असेल, तर गोंगाटात त्याचं काही अडत नाही. त्यांनी डावा हात पूर्ण लांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. डावीकडून एक वेटर धावत आला. त्यांनी उजवा हात लांबवला. मी मान हलवली. उजवीकडून दुसरा वेटर आला. मग त्यांनी दोन्ही पंजे हवेतून आणत टेबलाच्या मधोमध एकमेकांना टेकवले आणि टेबलावर ठामपणे बोट दाबलं. वेटरांनी त्याचा अर्थ लावून नेमक्या त्याच जागी बटाट्यांची दुसरी बशी ठेवली. व्याह्यांनी ती बाजूला सारली आणि पुन्हा तेच: डावा, उजवा, मधोमध. चेहऱ्यावर असं समाधान, की ज्याचं नाव ते.

मी परत मान हलवली, आणि मग विचार आला. मी नक्की कशाला होकार देत होतो? डावीकडून हजार माणसं, उजवीकडून हजार आणि खर्च निम्मा निम्मा? की इकडचं सगळं उचलून तिकडे नेऊन ठेवायचं? डाव्या हाताला आमचं टोक येत होतं, उजव्या हाताला त्यांचं. हे बोट दाबून खुंटी ठोकणं चाललं होतं, आणि यांनी ठोकलेली खुंटी हलत नाही हे जगजाहीर होतं. आमच्या धंद्यात मान हलवणं म्हणजे सहीच. सह्या तर मी मघापासून डझनावारी केल्या होत्या.

मी उभा राहिलो. "मला मान्य नाही," मी ओरडलो. व्याह्यांनी आनंदाने मान हलवली.

"मी मघाशी हो म्हटलं ते ऐकू न येता म्हटलं." व्याही हसले. माझा लिंबू सोडा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

तेव्हा माझा धीर सुटला. आणि एक विचित्र गोष्ट झाली. आपलं कोणालाही ऐकू जात नाहीये, याची एकदा खात्री पटली की माणसाचं कलमबिलम गळून पडतं. इतके दिवस जे मी बायकोजवळ बोललो नव्हतो, लेकीजवळ तर मरण आलं तरी बोललो नसतो, ते माझ्या तोंडातून आपोआप बाहेर यायला लागलं. मी त्या कपाटाएवढ्या स्पीकरच्या पोटात तोंड घालून ओरडत होतो. तिला त्या टोकाला नेऊ नका. ती कामावरून येते, चावी बशीत टाकते, तो आवाज आला की मी पेपर खाली ठेवतो. तो आवाज आता येणार नाही. मग मी काय करू?

माझा चेहरा काय झाला होता कोण जाणे. व्याह्यांना वाटलं, मला छातीत कळ आली. ते ताडकन उठले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी कात्रीसारखे आडवे धरले. मोजणीत त्याचा अर्थ, 'काम थांबवा, माणूस अडचणीत आहे.' कोपऱ्यात आवाजाच्या बटणांमागे बसलेल्या माणसाच्या धंद्यातही तोच अर्थ असावा, कारण त्याने सगळी बटणं एका हाताने खाली ओढली.

हॉलमध्ये स्मशानशांतता पसरली. आणि त्या शांततेत, माझ्या मापापेक्षा मोठ्या बुटांत उभा राहून, मी पूर्ण ताकदीने म्हणत होतो, "पोरगी घरी आल्याशिवाय मला घास उतरत नाही हो!"

कोणाच्या तरी हातातला काटा बशीत पडला, तोही सगळ्यांना ऐकू आला. स्टेजपाशी माझी लेक उभी होती. तिच्या हातातली फर्माइशीची चिठ्ठी तशीच राहिली होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटण्याचे प्रसंग माझ्यावर आले आहेत, पण त्या वेळी मी खरोखर खाली बघितलं. खाली फक्त पोपटी नाड्या होत्या.

व्याही टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज माळरानावर तयार झालेला. ते हळू बोलले, तरी शेवटच्या टेबलापर्यंत गेलं.

"अहो साहेब, मघापासून तेच सांगतोय. हे तुमचं घर," त्यांनी डावा हात लांबवला. "हे आमचं. आणि ही पोरांची जागा. भाड्याने बघून ठेवलीय. बरोब्बर मधोमध. मी स्वतः दोन्हीकडून मोजलंय."

त्यांनी मघाशी बोट दाबलेल्या जागेकडे मी बघितलं.

"आमची थोरली दिली," ते म्हणाले, "तेव्हा स्थळ चांगलं आलं म्हणून अंतर बघितलं नाही. आता वर्षातून एकदा दिसते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि पोरीच्या वेळी नेमकं मोजायचं राहिलं. या खेपेला मोजलं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला एकदम हलकं वाटलं, इतकं की बसताना खुर्चीला पाठ नाही हे मी विसरलो आणि पडता पडता वाचलो. त्यांनीच धरलं. लेक येऊन माझ्या शेजारी बसली. तिने माझ्या बशीत बटाटे वाढले, आणि मी ते खाल्ले. घास व्यवस्थित उतरला.

आता काहीतरी बोलायला हवं, असं सगळ्या हॉललाच वाटत असताना स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि टाळ्या वाजवत पाच-सहा जण केक घेऊन आमच्याकडे आले. त्यावर मेणबत्ती होती आणि माझं नाव होतं. फोनवरच्या त्या मुलीला 'वाढदिवस' योग्य वाटला होता. माझा वाढदिवस व्हायला अजून सात महिने होते. एरवी मी तो खुलासा केला असता, तारखेच्या पुराव्यासह केला असता. पण त्या क्षणी माझ्यात 'नाही' म्हणायची ताकद उरली नव्हती. मी मेणबत्ती फुंकली. सगळा हॉल गायला. मघाचा जारवाला तरुण येऊन माझ्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "काका, मी उद्याच वडिलांना फोन करतो."

या गडबडीत आमची ही आणि विहीणबाई हातात हात घालून परतल्या.

"होतात कुठे?" मी विचारलं.

"बेसिनपाशी. तिथे छान शांत होतं," ही म्हणाली. "सगळं ठरलं. घर मधोमध घेतलंय, लग्न घरच्या माणसांत, पडदे निळे."

"मग मला येऊन सांगायचं नाही?"

"इथे काही ऐकू येत होतं का?"

निघताना एक मुलगी टॅबलेट घेऊन आली. आमचा अनुभव कसा होता हे तिला भरून हवं होतं. 'संगीताचा आवाज' या प्रश्नापुढे 'कमी', 'योग्य' आणि 'जास्त' असे तीन पर्याय होते. मी जरा थांबलो आणि 'योग्य'वर बोट ठेवलं. लेकीने ते पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "ते टेबल मी नंतर फोन करून मागितलं होतं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तुम्ही दोघं शांत जागी बसून स्पष्ट बोलला असतात ना, तर माझं लग्न मोडलं असतं."

मला राग यायला हवा होता. मी तो थोडा शोधलाही. पण अनुभवींच्या सल्ल्याने मी व्याह्यांकडे टक लावून गप्प बसलेलो, आणि समोर खुंटी न हलवणारा माणूस तसाच गप्प बसलेला, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी लेकीच्या डोक्यावर टपली मारण्यावर भागवलं.

रस्त्यापलीकडे व्याह्यांची टॅक्सी उभी होती. बसण्याआधी त्यांनी आमच्याकडे वळून दोन्ही हात बाजूला पसरले आणि झटकन खाली आणले. जावई अजून आमच्याजवळच रेंगाळत होता. मी त्याला विचारलं, "हे काय?"

"मोजणीतली खूण आहे. 'जागा बरोबर आहे, ठोका' असं म्हणतायत."

घरी आल्यावर अनुभवी जिन्यातच उभे होते. "पहिलं कोण बोललं?" त्यांनी विचारलं. मी उत्तर द्यायला थांबलो, तर त्यांची नजर माझ्या पायांवर खिळलेली. मग माझ्याही ध्यानात आलं. चपला तिकडेच राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट परत करायला म्हणून मी निघालो. बस अर्ध्या वाटेवर आल्यावर उतरलो. सहज. लेकीने पत्ता सांगितला होता, आणि भाड्याचं घर बाहेरून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. दुमजली इमारत होती, वरच्या मजल्यावर रिकाम्या खिडक्या होत्या, अजून पडदे नव्हते. मी मान वर करून बघत होतो. मग सहज रस्त्यापलीकडे लक्ष गेलं. तिकडच्या थांब्यावर त्यांच्या टोकाकडून येणारी बस थांबली होती. ती गेली आणि तिच्यामागे व्याही उभे असलेले दिसले. तेही मान वर करूनच बघत होते.

त्यांनी मला पाहिलं. ते काहीतरी ओरडले, पण मधून ट्रक जात होते, काही ऐकू आलं नाही. मी पोपटी नाड्यांचे बूट नीट रोवून उभा राहिलो, दोन्ही हात बाजूला पसरले आणि झटकन खाली आणले. पलीकडून त्यांनीही तेच केलं.